उजवं मडगार्ड

१

गाडी विकत घ्यायला गेलेल्या विल्डाने सगळ्यात आधी पाहिलं ते उजवं मडगार्ड. त्यात नवीन काही नव्हतं. गेली पाच वर्षं कुठलीही गाडी दिसली, की तिची नजर आधी तिथंच जायची. चर्चबाहेर लागलेल्या गाड्या, कापसाच्या जिनिंगसमोर उभ्या असलेल्या गाड्या, पेट्रोल भरायला आलेल्या अनोळखी माणसांच्या गाड्या. बोलता बोलता ती उजव्या बाजूला जायची आणि पत्र्यावरून तळहात फिरवायची. लोकांना वाटायचं, धंद्याची सवय. डेंटिंगचं काम करणारी बाई, पत्रा बघणारच.

बेकर्सफील्डच्या उत्तरेला, जिथं रात्रंदिवस तेलाच्या विहिरींचे पंप माना हलवत असतात, तिथं तिचं गॅरेज होतं. खरं तर तिच्या भावाचं, डॉइलचं. बावन्न सालच्या जानेवारीत एका सकाळी, दाट धुक्यात, डॉइलचा ट्रक कालव्याच्या रस्त्यावर बंद पडला. हातात पाना घेऊन तो मदत शोधायला पायी निघाला आणि मागून आलेल्या कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं. दुपारी धुकं उठल्यावर तो चारीत सापडला. पाना मुठीत तसाच होता. धडक बसली तिथून चाळीस पावलं तो रस्त्यावरून सरपटत गेल्याच्या खुणा होत्या. तपासणाऱ्या डॉक्टरने विल्डाला खरं ते सांगून टाकलं: धडक बसल्यावर तो तासभर तरी जिवंत असावा. वेळेवर कोणी उचललं असतं तर वाचला असता.

गाडी सापडली नाही. फुटलेल्या काचेवरून, धडक उजव्या दिव्याशी बसली एवढंच कळलं. विल्डाने त्या दिवसापासून मनात जो डूख धरला, तो पाच वर्षांत तसूभरही उतरला नव्हता. लग्न केलं ते वर्षभरात मोडलं. नवरा जाताना म्हणाला होता, "तुझ्या घरात मला जागाच नाही. सगळी जागा त्या माणसाने अडवलीय, ज्याचं नावसुद्धा तुला ठाऊक नाही."

विकणारा ऑरिन टिलफर्ड साठीचा, कापूस पिकवणारा, चर्चच्या पंचांपैकी एक. माणूस सभ्य. गाडी मात्र त्याला शोभणारी नव्हती. चौतीस सालची दोन दारांची कूप, टप चार इंच कापून खाली बसवलेला, त्यामुळे खिडक्या टपालपेटीच्या फटीएवढ्या उरलेल्या. पुढची बाजू झुकवलेली, रंगाचे थरावर थर. गावातल्या उनाड पोरांनी शर्यतीसाठी बनवावी तशी हॉट रॉड. विल्डाने विचारलं तेव्हा टिलफर्ड म्हणाला, भाच्याचं वेड होतं, भाचा सैन्यात गेला, आता धान्याच्या कोठारात धूळ खात पडलीय.

उजवं मडगार्ड लोण्यासारखं गुळगुळीत होतं. विल्डाचं समाधान झालं. तिला अशीच गाडी हवी होती. इंजिन नव्याने बांधायचं आणि वसंतात वाळवंटातल्या कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर शर्यतीत पळवायची, हे डॉइलचं स्वप्न होतं. ते तिने स्वतःवर घेतलं होतं.

किल्ल्या देताना टिलफर्डने तिच्याकडे न बघता एवढंच सांगितलं, "थंडीत पत्रा वाजतो हिचा. लक्ष द्यायचं नाही."

२

वाजत होतं इंजिन. निदान विल्डाला तसं वाटलं. गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी चालू केली की घरघरीच्या खालून ठोके ऐकू यायचे. टक, टक, टक. मग थोडी उसंत. मग पुन्हा तीन.

तिने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉइलने तिला इंजिनाचं दुखणं असंच ओळखायला शिकवलं होतं. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व, प्रत्येकाचा आवाज वेगळा. हा आवाज त्यांपैकी कुणाचाच नव्हता. शिवाय इंजिनाचं दुखणं इंजिनाच्या चालीने चालतं. वेग वाढवला की ठोके वाढायला हवेत. ती ॲक्सिलरेटर दाबत राहिली, इंजिन किंचाळलं, ठोके आपल्याच चालीने पडत राहिले. टक, टक, टक.

शेजारी अवेलिनोचं लेथचं दुकान होतं. पोर्तुगीज म्हातारा, सगळे त्याला लिनो म्हणत. डॉइलला त्यानेच हाताशी धरून कामाला लावलं होतं. त्याने कान देऊन ऐकलं आणि मुख्य बेअरिंगं गेलीत असं ठरवून टाकलं. विल्डाला ते पटलं, कारण दुसरं काही पटवून घेता येत नव्हतं. दोघांनी इंजिन उतरवलं, सुटं केलं. सिलिंडर लिनोने घासून मोठे केले, नवे पिस्टन आले, नवी बेअरिंगं बसली, एकाऐवजी दोन कार्बोरेटर लागले. दहा दिवस हेच चाललं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी शेडच्या दारातून धुकं आत येत होतं. बांधून झालेलं इंजिन साखळीला टांगलेलं होतं आणि त्याच्या खाली गाडी रिकामी उभी होती. बॉनेट काढलेलं, पोट उघडं. लिनो घरून सॉसेज आणि पाव घेऊन आला होता. दोघं स्टोव्हजवळ कॉफी पीत उभी होती.

टक, टक, टक.

लिनोने पाव खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, तसाच. लिनो म्हणाला, थंडीने पत्रा आकसतोय.

"पत्रा आकसतो, कबूल," विल्डा म्हणाली. "पण पत्र्याला तीनापर्यंत मोजता येतं?"

 कॉफी अर्धी टाकून लिनो आपल्या दुकानात गेला आणि दिवसभर लेथ चालवत बसला. त्या दिवशी त्याच्याकडे काम नव्हतं, हे विल्डाला माहीत होतं.

तिने स्टोव्ह भरभरून पेटवला. शेड इतकी तापली की तिने कोट काढला. ठोके आले. सैल पत्रा कुठं राहिलाय का म्हणून तिने गाडी बोट बोट तपासली. शेवटी गाडीवर तळहात टेकवून ती जागा शोधू लागली. टपावर काही नाही. दारावर काही नाही. उजव्या मडगार्डवर हात ठेवला आणि वाट बघितली.

ठोके तिच्या हाताशेजारी पडले. बोटांना हादरा कळला. आतून नव्हे, बाहेरून. कुणीतरी तिच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं आणि तिच्या हातापासून वीतभर अंतरावर ठोकावं, तसे.

तिने हात काढून घेतला. शेडमध्ये ती एकटीच होती. ती बराच वेळ स्वतःशी भांडत राहिली. पाच वर्षं एकाच मडगार्डचा ध्यास घेतलेल्या बाईला मडगार्डच बोलायला लागलं, तर दोष मडगार्डचा की बाईचा?

३

दुसऱ्या दिवशी तिने रंग उतरवायला घेतला. तसाही उतरवायचा होताच, असं तिने स्वतःला बजावलं.

वरचा थर काळा, त्याखाली गडद लाल, त्याखाली पुन्हा काळा. एवढे रंग चार-पाच वर्षांत कोण देतं? भाचा वेडा असेल. सर्वांत खाली पत्रा लागायला हवा होता, तिथं करडं, मऊ शिसं लागलं. पत्र्याचा खड्डा नीट ठोकून न काढता वितळलेलं शिसं भरून कानशीने सपाट करायचा, ही आळशाची किंवा घाईतल्या माणसाची रीत. तिने गॅसची टॉर्च पेटवून शिसं तापवलं. ते घामासारखं ओघळून जमिनीवर टपटपलं आणि खड्डा हळूहळू वर आला.

खोल आणि रुंद होता. तिच्या कमरेच्या थोडा वर. डॉइलच्या कमरेएवढा. दिव्याचा कोनाडा आख्खा नवा जोडलेला होता. सांधा ओबडधोबड, तिने पाहताच ओळखला.

ती तिथं थांबली असती तरी चाललं असतं. या खोऱ्यात अशा खड्ड्यांच्या गाड्या पायलीला पन्नास मिळतील. वासरू आडवं येतं, कुंपणाचा खांब येतो. पण टॉर्च हातात जळत होती, म्हणून तिने ती दाराच्या दिशेने मागे नेली. तिथलंही शिसं वितळलं. पत्र्यावर बारीक खळगे होते. लहान, अर्धगोल, एकाशेजारी एक. कुणी जमिनीवर पडून, हात वर करून, लोखंडाने ठोकत राहावं असे. तिने मोजले. अठरा होते.

शेरीफच्या कचेरीतून पाच वर्षांपूर्वी एका पाकिटात डॉइलच्या वस्तू आल्या होत्या. कंगवा, रुमाल, पाना. पाना तिने कधी वापरला नव्हता. तिने तो आणला आणि त्याचं तोंड पहिल्या खळग्यात ठेवलं. चपखल बसलं. दुसऱ्यात बसलं. अठराव्यापर्यंत बसलं.

विल्डा जमिनीवर बसली. रडू आलं नाही. पाच वर्षं तिला वाटत होतं की मारणाऱ्याला कदाचित कळलंही नसेल. धुकं होतं, गाडीला काहीतरी लागलं, तो गेला. आता कळलं की तो थांबला होता. डॉइल सरपटत गाडीपर्यंत पोचला होता आणि ठोकत होता, अहो, उघडा. आणि आत माणूस बसून ऐकत होता.

४

लिनोने आग्रह धरला म्हणून ती शेरीफच्या कचेरीत गेली. तिथल्या डेप्युटीने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. अर्ध्या इंचाचा पाना घरोघर असतो, असं त्याचं म्हणणं पडलं. शिसं तिनेच वितळवलं, रंग तिनेच खरवडला. आता ते खळगे कुणी कधी पाडले हे कोर्टात कोण सांगणार? तिनेच पाडले नाहीत कशावरून? टिलफर्डशी सवडीने कधीतरी बोलून बघतो, असं तो म्हणाला. त्याचा सूर चुकीचा नव्हता. म्हणून तिला जास्त चीड आली.

परत आल्यावर तिने कामाला जुंपून घेतलं. खड्डा तिने हातोडीने अलगद, रास्त रीतीने बाहेर काढला. खळगे तसेच ठेवले. इंजिन बसवलं, ब्रेक नवे घातले, गाडीला डॉइलच्या आवडीचा क्रीम रंग दिला. आणि उजव्या दाराची मूठ काढून टाकली.

त्या काळात हॉट रॉडच्या शौकिनांत ही टूम होती. दाराच्या मुठी काढायच्या, भोकं बुजवायची, दार आरशासारखं सपाट करायचं आणि उघडायला पायरीच्या पत्र्याखाली लपवलेलं विजेचं बटण ठेवायचं. विल्डाने बाहेरची मूठ काढली, तशी आतलीही काढली. काच फिरवायचा दांडाही काढला. डावं दार होतं तसं ठेवलं.

लिनोने काम बघितलं. एवढ्यावरून त्याला काही समजलं असावं.

"दोन्ही दारं सारखी करायची असतात, पोरी."

"करीन."

"आत बसलेला माणूस बाहेर कसा येणार?"

"डाव्या दाराने येईल. सीट सलग एकच आहे, सरकलं की झालं." हे ती खरं बोलत होती. तिला टिलफर्डला मारायचं नव्हतं; गाडीत होता तो भाचा नव्हे, 'लक्ष द्यायचं नाही' म्हणणारा हाच, हे तिने ओळखलं होतं. त्याला तिथं बसवायचं होतं, थोडा वेळ ऐकवायचं होतं. बाकीचं तिने ठरवलं नव्हतं.

ठोके आता रोज सकाळी येत. ती त्यांच्याशी बोलायला लागली होती. थांब, म्हणायची. होतंय.

मग तिने टिलफर्डला फोन केला. गाडी तयार झालीय, बघायला या, एवढंच म्हणाली. 

"अजून वाजते का?" टिलफर्डने विचारलं.

"या की. तुम्हीच ऐका."

५

तो दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला आला. धुकं इतकं होतं की पंपांचं कुरकुरणं ऐकू यायचं, पंप दिसत नव्हते. गॅरेजच्या कपाळावर डॉइलचं नाव रंगवलेलं होतं. गाडी घेताना विल्डाने नवऱ्याकडचं आडनाव सांगितलं होतं. टिलफर्ड इथं प्रथमच येत होता. तो पाटीखाली उभा राहून नाव वाचत होता. वाचून झालं तरी वाचत होता. मग त्याने टोपी काढली.

तो तिथूनच परत फिरला असता तर ती काही करू शकली नसती. तो फिरला नाही. त्याचा चेहरा वाळला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. इतकी वर्षं कोठारात त्या गाडीशेजारून रोज गेलेला माणूस.

विल्डाने वाकून बटण दाबलं. गुळगुळीत दार आपसूक उघडलं. तो आज्ञाधारकपणे बसला. तिने दार लावलं, डावीकडून स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि गाडी कालव्याच्या रस्त्याला लावली.

नवं इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. ठोका एकही नव्हता. टिलफर्ड मान तिरकी करून ऐकत होता. मैलभर गेल्यावर त्याचे खांदे सैल झाले.

"थांबलं," तो म्हणाला. "तुम्ही थांबवलंत."

तिने डॉइलचा ट्रक बंद पडला होता तिथून पुढे, चारीच्या कडेला गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. धुकं काचांना येऊन चिकटलं. ती काही विचारणार होती, पण तोच बोलू लागला.

"मला वाटलं वासरू. देवाशपथ. मी थांबलो होतो, बाई. पळून नाही गेलो."

"मग?"

"मग वाजायला लागलं. तीनदा. परत तीनदा." त्याने ओठांवरून हात फिरवला. "उतरावंसं वाटलं मला. हात दारावर होता."

"कितीदा वाजलं?"

"सहा वेळा. तीन-तीन असं, सहा वेळा. मग मी निघालो. धुकं होतं."

"धुकं आजही आहे," विल्डा म्हणाली आणि उतरली.

तिने डावं दार नुसतं लोटलं. कुलूप नाही, कडी नाही; हात लावला की उघडावं असं. ती रस्त्याने मागे चालू लागली. पाठीमागून त्याने तिला हाक मारली. मग आवाज आला: टक, टक, टक. मडगार्डवर. मग दाराच्या जवळ. मग काही नाही.

दहा-बारा पावलांवर ती वळली. धुक्यात गाडीचा पाठीमागचा भाग तेवढा दिसत होता आणि कापलेल्या टपाखालची ती अरुंद काच. काचेत उजवीकडे टिलफर्डचं डोकं होतं, दाराला चिकटलेलं.

डावीकडे दुसरं डोकं होतं.

ते हलत नव्हतं. उंच होतं, टपाला टेकत होतं. मागची बाजू तिला दिसली, मानेवर उतरलेले ओले केस दिसले. न्हाव्याकडे जायचा कंटाळा असलेल्या माणसाचे. ते केस दर महिन्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून तिने स्वतः कापले होते. ती मान तिला हजारात ओळखू आली असती. मग ते डोकं सावकाश उजवीकडे वळू लागलं, आणि चेहरा दिसण्याआधी तिने पाठ फिरवली.

आता ठोके आतून येऊ लागले. उजव्या दारावर, मुठीने. तीन. मग तीन. मग मोजता येऊ नयेत इतके. टिलफर्ड देवाचं नाव घेत होता, तिचं नाव घेत होता. बटण दहा पावलांवर होतं. वाकायचं, दाबायचं.

तिने आपल्या मनाने मोजलं. तीन-तीनचे सहा फेरे झाले. सातवा झाला. ती चालायला लागली.

६

धुकं साडेअकराला उठलं. विल्डा एकटीच चालत परतलेली पाहून लिनोने फोन केला; डेप्युटी आला, त्याच्या मागून डॉक्टर. टिलफर्ड सीटवर मेलेला होता. हृदय थांबलं, असं डॉक्टरने लिहिलं. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं हाडापर्यंत सोलली होती आणि उजव्या दाराचा पत्रा आतून बाहेर फुगला होता.

विल्डाने घडलं ते सांगितलं. आपण त्याला बसवलं, उतरलो, चालत गेलो. हाका ऐकल्या, परत आलो नाही. काचेत काय दिसलं तेवढं सांगितलं नाही. डेप्युटीने लिहून घेतलं, दार तपासलं, बटण दाबून बघितलं. मग गाडीला वळसा घालून तो डावीकडे गेला. दार उघडंच होतं. त्याने ते दोन-तीनदा उघडझाप करून पाहिलं.

"हे उघडं होतं," तो म्हणाला.

"हो."

"सीटला मधे काही अडसर नाही. मग तो सरकून इकडून बाहेर का आला नाही?"

 डेप्युटीने तिच्याकडे पाहिलं. पुन्हा सीटकडे पाहिलं. नंतर त्याने ते दार लावलं. लावताना त्याने हात सीटला लागू दिला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

चौकशी झाली. उघड्या दाराच्या गाडीत कुणी कुणाला कोंडलं म्हणता येईना. तीन आठवड्यांनी गाडी घेऊन जा असा निरोप आला. लिनो म्हणाला, जाऊ नकोस, भंगारवाल्याला परस्पर उचलू दे. सूड पुरा झाला, आता हात धू. विल्डाला तसं वाटत नव्हतं. तिला वाटलं होतं छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथंच होता, फक्त आता तो तिच्याकडे बघत होता. रात्री झोप लागायची. सकाळी जाग आली की स्वतःच्या हातांकडे नजर जायची. बटण दाबणं किती सोपं होतं.

सरकारी वाड्यात जप्तीच्या गाड्यांच्या रांगेत क्रीम रंगाची कूप उन्हात उभी होती. आकाश स्वच्छ होतं. रखवालदाराने किल्ल्या दिल्या आणि तो बोलत बोलत तिच्याबरोबर यायला निघाला होता, तो अर्ध्या वाटेतच थांबला. काम आठवलं म्हणाला.

तिने डावं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. नव्या रेक्झिनचा वास होता आणि त्याच्याखाली कालव्याच्या चिखलाचा. ड्रायव्हरच्या बाजूची गादी खोल दबलेली होती, भरल्या अंगाचा माणूस बसल्यावर दबते तशी. बघता बघताही ती वर आली नाही.

विल्डा दार धरून उभी राहिली. पळता आलं असतं. रखवालदार लांबून बघत होता. तिने इकडंतिकडं पाहिलं, वाकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"सरक जरा. मी चालवते."

सीटच्या स्प्रिंगा करकरल्या.